हार्डडिस्क बदलायच्या आधी बायोसमधली तारीख पाहा
भाऊ, पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट (विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिम) चालतं, इन्स्टॉलही झालं, पण नंतर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ (सुरू करायला सिस्टिमच सापडत नाही) येतं असं तुम्ही लिहिलंय. वर उत्तरं देणारे सगळे हार्डडिस्क बदला म्हणून मागे लागलेत. थांबा जरा.

आमच्या दारव्ह्याकडं लाइन कधी जाईल त्याचा नेम नाही. माझ्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, नुसत्या चार्जरवर चालायचा. लाइन गेली की बायोसची (लॅपटॉप चालू करताच सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम) तारीख थेट २००९ वर! ही तारीख अन् सेटिंग टिकवणारा आतला बटणासारखा सीआर २०३२ सेल संपला होता. तारखेसोबत सेटिंगही मूळपदावर जायची, म्हणजे सिस्टिम सुरू करायचा मोड यूईएफआयचा (नवी पद्धत) पुन्हा लेगसी (जुनी पद्धत). इन्स्टॉल केलं होतं यूईएफआयमध्ये, मग ते लेगसीत कसं सापडणार? मी मात्र तीनदा इन्स्टॉल करत बसलो, राजेहो.

तुमचा पेनड्राइव्ह कोणत्या मोडमध्ये सुरू होतो ते आधी बघा. लाइव्हमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या मिंटमध्ये, ‘सिस’ (sys) फोल्डरमधल्या ‘फर्मवेअर’मध्ये ‘ईएफआय’ फोल्डर दिसलं तर यूईएफआय, नाहीतर लेगसी. इन्स्टॉल ज्यात केलं, बायोस त्याच मोडवर ठेवा.

सेल घेताना जुना सोबत न्या. लॅपटॉपमध्ये बहुतेकदा त्याला दोन वायरी अन् बारकी पिन असते, घड्याळवाल्याकडचा नुसता सेल बसत नाही.