छापा दोन्हीकडे, काटा कुठेच नाही: चुकलेली रोमन नाणी जपावीत का?

ऐरण:
परवा एका प्रदर्शनात रोमन प्रजासत्ताकाच्या काळातला चांदीचा देनारियस हातात घ्यायला मिळाला. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, उठावात. नाणं उलटलं, तर तीच देवी, पण खोलगट आणि उलट्या दिशेला बघणारी. शेजारचे एक संग्राहक म्हणाले, "वाया गेलेला माल, चांगलं नाणं घ्या." मला ते अजिबात पटलं नाही.

याला ब्रॉकेज म्हणतात. खालचा ठसा ऐरणीत पक्का, वरचा हातात धरलेला, मध्ये चांदीची चकती आणि वरून हातोड्याचा घाव. एखादं नाणं वरच्या ठशाला चिकटून राहिलं, तर पुढच्या चकतीवर ठशाऐवजी त्या नाण्याचाच छाप उमटतो. खाली अडकलेलं नाणं डोळ्यांसमोर असतं, वर चिकटलेलं दिसत नाही. ब्रॉकेजमध्ये बहुतेक वेळा छापाच दोन्हीकडे असतो, कारण काट्याचा ठसा वर असायचा. इ.स.पू. ४६ मध्ये टी. कॅरिसियस या नाणी पाडणाऱ्या अधिकाऱ्याने आपल्या देनारियसवर टाकसाळीची सांडशी आणि हातोडा कोरून घेतला. पण ती अवजारं चालवताना हात किती घाईत होता, ते चुकलेलंच नाणं दाखवतं. प्रत्येक संग्रहात असं एक तरी हवं.

खापरतुकडा:
सहमत नाही. एका घावाची हकीकत कळली, पण नाण्याची गेली. नाणं पाडणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव पुष्कळदा काट्याच्या बाजूला असतं. तीच बाजू नाही, तर कोणाचं आणि कोणत्या वर्षाचं ते कसं ठरवणार? आणि वरचा ठसा काट्याचा, हे शंभर ब्रॉकेजांनी सांगून झालंय. एकशेएकावं नवीन काय सांगणार? नवशिक्याने आधी वाचता येणारं नाणं घ्यावं.

ऐरण:
छाप्याच्या ठशावरून माग लागतो की! पी. क्रेपुसियसचे इ.स.पू. ८२ चे देनारियस घ्या. काट्याच्या ठशांना क्रमांक आहेत, पाचशेच्याही पुढे, आणि छाप्यावर अक्षर नि चिन्ह. त्याच छाप्याच्या ठशाचं धड नाणं सापडलं, की ब्रॉकेजचा धनी कळला.

नवखी:
एका रोमन सोन्याच्या नाण्याच्या फोटोत सम्राटाच्या चेहऱ्यावर आडवा काप दिसला. तीही टाकसाळीची चूक का?

खापरतुकडा:
नाही. तमिळनाडूत पुदुकोट्टईला १८९८ मध्ये ५०१ सोन्याची रोमन नाणी मिळाली, त्यांतल्या बहुतेकांवर असा काप आहे. तो नंतर मुद्दाम घातलेला आहे. चूक आणि काप यांची गल्लत करू नका.

जुनीपेठ:
तुम्ही दोघंही टाकसाळीच्या दारातच अडकलात. झिजलेली ब्रॉकेजही मिळतात. म्हणजे ती बाजारात गेली, लोकांनी घेतली, पुढे दिली. चांदी खरी आणि वजन बरोबर, एवढं पुरलं. मला तरी हे ठशाच्या जागेपेक्षा मोलाचं वाटतं.

खापरतुकडा:
हे मान्य. झिजलेल्या ब्रॉकेजपुरता माझा आक्षेप मागे. कोऱ्या ब्रॉकेजला जास्त पैसे मोजण्याला मात्र विरोध कायम. ऐरण, तुम्ही पाहिलेलं कसं होतं?

ऐरण:
उठावातल्या रोमाचा गाल पार सपाट झाला होता, नाकही पुसट. खोलगट बाजूला मात्र शिरस्त्राणाचा पंख पिसांसकट दिसत होता. तिथवर कोणाचा अंगठा पोचलाच नव्हता.