प्रतिसाद: १८६० ची ‘वैयक्तिक मालमत्ता’ म्हणजे रोकड नव्हे

१८६० च्या अमेरिकी जनगणनेत ‘वैयक्तिक’ म्हणजे जंगम मालमत्तेचा आकडा जमिनीपेक्षा मोठा, म्हणजे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या या जमीनदाराकडे रोकड भरपूर होती, हा वरच्या पोस्टमधला निष्कर्ष पटला नाही. १८६० च्या त्या रकान्यात गुलाम म्हणून राबवलेल्या माणसांची किंमतही धरलेली असे. आकडा फुगतो तो बहुधा त्यामुळेच. १८५० च्या जनगणनेत हा रकानाच नाही, फक्त स्थावराची किंमत आहे. तेव्हा दोन्ही वर्षांची तुलना करून ‘दहा वर्षांत श्रीमंत झाला’ म्हणू नये.

ताळा करायला जनगणनेतली गुलामांची वेगळी यादी बघा. तीत मालकाचं नाव आणि माणसांचं वय, लिंग, वर्ण; त्यांची नावं जवळपास नाहीतच. ही नावं कौंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) दप्तरात, मालक वारल्यावर केलेल्या मोजदादीत सापडू शकतात: खेचरं, नांगर, माणसं एकाच कागदावर, पुढे डॉलर. मृत्युपत्र नसलं तरी ही मोजदाद होत असे, म्हणून मृत्युपत्र मिळालं नाही तरी शोध थांबवू नका.