यॉटवर इंटिरिअरला जायचंय: एजंटचं पॅकेज घ्यावं का?

बांदोडेकरीण

नमस्कार. पणजीजवळच्या एका पंचतारांकित हॉटेलात हाउसकीपिंगला आहे, पर्वरीच्या आयएचएममधून शिकलेय. भूमध्य समुद्रात चालतात तसल्या मोठ्या यॉटवर इंटिरिअर क्रू (केबिन, लाँड्री, टेबल बघणारी माणसं) म्हणून जायचा विचार आहे. क्रूझवर जाणारे तारवटी ओळखीत पुष्कळ आहेत, पण यॉटचं विचारलं की कुणालाच धड सांगता येत नाही. एका एजंटने बटलर कोर्स, एसटीसीडब्ल्यू (बोटीवर कामाला लागणारे सुरक्षेचे कोर्स), व्हिसा आणि 'हमखास नोकरी' असं साडेतीन लाखांचं पॅकेज सांगितलंय, निम्मे आगाऊ. घ्यावं का? नाहीतर सुरुवात कुठून करू? हॉटेलच्या आणि तिथल्या कामात फरक किती? पोहणं जेमतेम येतं, तेही सांगून ठेवते.

वास्को_धक्का

नका घेऊ. नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घ्यायला एमएलसी २००६ या आंतरराष्ट्रीय कराराने बंदी आहे आणि भारताने तो स्वीकारलेला आहे. मेडिकल, पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक) हा खर्च तुमचा. प्लेसमेंटचा नाही. भारतातून बोटीवर माणसं पाठवणाऱ्याकडे आरपीएसएल हा खलाशी भरतीचा परवाना लागतो. त्याचा नंबर मागून घ्या आणि डीजी शिपिंग या सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. 'परवाना आमच्या मुंबईच्या ऑफिसच्या नावे आहे' असं उत्तर आलं तर संकेतस्थळावर दिलेल्या नंबरावरच फोन करा, एजंटने दिलेल्या मोबाइलवर नको.

आता क्रम. सगळ्यात आधी मेडिकल, कोर्स नंतर. ब्रिटिश ध्वजाच्या (म्हणजे तिथे नोंदलेल्या) किंवा केमन वगैरे ध्वजांच्या यॉटवर ईएनजी-१ हे मेडिकलचं प्रमाणपत्र चालतं. ते एमसीए या ब्रिटिश सागरी संस्थेने मान्य केलेला डॉक्टरच देतो, त्यांची यादी एमसीएच्या संकेतस्थळावर आहे. प्रमाणपत्र जास्तीत जास्त २ वर्षं टिकतं. दम्याचा इतिहास, इन्सुलिनवरचा मधुमेह, फार वाढलेलं वजन, फिट्स यांतलं काही असेल तर ते इथेच कळतं आणि कोर्सचे पैसे वाचतात.

मग इंडॉस नंबर, म्हणजे खलाशाचा भारतातला नोंदणी क्रमांक. तो नसेल तर भारतातल्या मान्य संस्थेत कोर्सला बसताच येत नाही. त्यानंतर एसटीसीडब्ल्यूचे मूळ कोर्स: पर्सनल सर्व्हायव्हल टेक्निक्स, फायर फायटिंग, एलिमेंटरी फर्स्ट एड, पर्सनल सेफ्टी अँड सोशल रिस्पॉन्सिबिलिटीज आणि सिक्युरिटीचा एसटीएसडीएसडी. सगळे मिळून साधारण दोन आठवडे. आपण होऊन केलेत तर एजंटच्या आकड्याच्या पाव हिश्शातही बसतात. सर्व्हायव्हल आणि फायर दर ५ वर्षांनी ताजे करावे लागतात, तारीख लिहून ठेवा. मग सीडीसीचा अर्ज. परदेशी ध्वजाची यॉट तुमच्याकडे सीडीसी मागेलच असं नाही, पण क्रू म्हणून निघालात की आपल्या विमानतळावरचा इमिग्रेशनवाला मागतो.

बटलर कोर्स आत्ता अजिबात नको. पहिल्या नोकरीला तो कुणी विचारत नाही. त्यापेक्षा फूड हायजीन लेव्हल २ करा, स्वस्तात होतो आणि खाण्याच्या ताटाला हात लावणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडतो. वाइन, बार, टेबल सर्व्हिस यांचे 'गेस्ट' या यॉट इंटिरिअरच्या प्रशिक्षण कार्यक्रमातले कोर्स नोकरी लागल्यावर करावेत. चांगली बोट कधीकधी त्यांचा खर्चही उचलते.

खरा अडसर व्हिसाचा. युरोपीय आणि दक्षिण आफ्रिकी मुली फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये फ्रान्समधलं आंतीब किंवा स्पेनमधलं पाल्मा गाठतात आणि धक्क्यावर बोटी-बोटींपुढे सीव्ही वाटत फिरतात. भारतीय पासपोर्टवर युरोपचा टुरिस्ट शेंगेन व्हिसा घेऊन हे करू नये. त्या व्हिसावर एक दिवसाची रोजंदारीसुद्धा बेकायदा आहे, आणि पकडलं गेलात तर पुढचे सगळे अर्ज अडकतात. तुमच्यासाठी वाट उलटी: आधी करार, मग बोटीच्या मॅनेजमेंट कंपनीच्या पत्रावर व्हिसा. दुबईच्या आखातातल्या यॉटवर भारतीय क्रू पुष्कळ असतो. ७० मीटरच्या वरच्या बोटींना इंटिरिअरला माणसं जास्त लागतात, तिथे हॉटेलचा अनुभव पाहतात. मांडवीत संध्याकाळच्या फेऱ्या मारणाऱ्या चार्टर बोटींवरचं काम सीव्हीवर लिहायला हरकत नाही, पण त्याला यॉटचा अनुभव म्हणू नका. मुलाखतीत दोन प्रश्नांत उघडं पडतं.

इस्त्री_आणि_खारं_पाणी

कामाबद्दल लिहिते, कारण पहिल्या करारात तुम्हाला बहुतेक लाँड्रीतच टाकतील. वरून चीफ स्टू (स्टू म्हणजे स्टुअर्डेस), सेकंड, थर्ड आणि मग ज्युनिअर किंवा लाँड्री स्टू. मधल्या आकाराच्या बोटीवर इंटिरिअरला तिघी-चौघीच असतात, म्हणजे सकाळी केबिन, दुपारी मशीन, रात्री जेवणाच्या टेबलाला मदत.

हॉटेलात चादर खाली पाठवली की तुमचा संबंध संपतो. इथे पाण्यापासून विचार करावा लागतो. बोटीवरचं पाणी बऱ्याचदा वॉटरमेकरचं, म्हणजे समुद्राचं पाणी आरओने गोडं केलेलं. ते इतकं मऊ की घरच्या सवयीने साबण घातला तर फेस निघता निघत नाही, टॉवेल कडक होतात आणि पाहुण्याच्या अंगाला खाज सुटते. नेहमीच्या निम्म्या मापापासून सुरुवात करावी.

ज्या डागाला नव्या मुली हमखास फसतात तो सनस्क्रीनचा. धुण्याआधी फिका पिवळा दिसतो, धुतल्यावर गंजासारखा नारिंगी होतो. बऱ्याच सनस्क्रीनमध्ये अव्होबेन्झोन असतं, त्याचा पाण्यातल्या लोहाशी संयोग होतो. हात आपसूक क्लोरीन ब्लीचकडे जातो, आणि ब्लीचने डाग आणखी पक्का होतो. आधी तेलकट भागावर भांडी घासायचं लिक्विड लावून दहा मिनिटं ठेवा, कोमट पाण्याने काढा. नंतर गंज काढणारं सायट्रिक किंवा ऑक्झॅलिक आम्लाचं औषध, आधी शिवणीच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून पाहूनच. भरपूर पाण्याने खळबळून घ्या. डाग पूर्ण जाईपर्यंत ड्रायरमध्ये टाकायचं नाही.

ड्रायरबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण बोटीला आग लागण्याच्या जागांत लाँड्री येते. लिंट फिल्टर प्रत्येक लोडनंतर साफ, अपवाद नाही. मसाजच्या तेलाचे टॉवेल आणि गॅलीतली (बोटीच्या स्वयंपाकघरातली) तेलकट फडकी नुसत्या धुण्याने कोरी होत नाहीत. ती गरम वाळवून घडी घालून ढीग केला की आतली उष्णता बाहेर पडत नाही, तेल हवेशी संयोग पावून आणखी तापतं आणि ढीग तासाभराने आपोआप पेटू शकतो. म्हणून कूल-डाउन चक्र मध्येच थांबवायचं नाही आणि कपडे गरम असताना रचायचे नाहीत. फार तेल प्यालेलं फडकं फेकून द्या, त्यात काटकसर नको.

केबिनमध्ये हॉटेलची कोणती सवय मोडावी लागेल? टॉयलेटमध्ये ब्लीच ओतायची. ज्या बोटीच्या मैला-शुद्धीकरण यंत्रात जिवाणू काम करतात, तिथे ब्लीचने ते मरतात. दोन दिवसांत सगळ्या डेकवर वास, आणि इंजिनिअर तुम्हाला शोधत येतो. कोणतं औषध चालतं ते त्यालाच आधी विचारा. संगमरवराला व्हिनेगर, लिंबू किंवा चुनखडी काढणारं काहीही लावायचं नाही, चकाकी जाऊन कायमचा पांढरट चट्टा पडतो. सोन्याचा मुलामा दिलेल्या नळाला ओलं मऊ कापड, लगेच कोरडं कापड, बस्स. पॉलिश नाही.

आणि बोट हलते, हे विसरू नका. निघण्याआधी फुलदाण्यांतलं पाणी काढून त्या आडव्या ठेवणं, शाम्पूच्या बाटल्या बेसिनमध्ये उतरवणं, खणांची कुलपं ओढून बघणं, काचेच्या सामानाखाली न घसरणारी चटई, पोर्टहोल बंद. नांगरावर असतानाही शेजारून फेरी गेली तर तिच्या लाटेने दिवा टेबलावरून खाली येतो. खोली 'तयार' म्हणजे ती पंधरा अंश कलली तरी तयार.

पाहुण्यांचे कपडे घेताना लेबल वाचा, खिसे बघा, आधीपासून असलेल्या डागाचा फोटो काढा. रेशमी ब्लाउज किंवा शर्टाबद्दल नंतर वाद झाला तर तो फोटोच कामी येतो.

सासष्टीचो_पेद्रू

पोर्तुगीज पासपोर्टचा विषय कुणीतरी काढणारच, म्हणून आधीच सांगतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना तिथे जन्मनोंद करून नागरिकत्व घेता येतं, आणि मग शेंगेनचा प्रश्न मिटतो. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. आजोबांच्या जन्मदाखल्यावर, लग्नाच्या नोंदीवर आणि वडिलांच्या कागदांवर नाव वेगवेगळं लिहिलेलं असेल (आपल्याकडे असतंच) तर ती दुरुस्ती करण्यातच फार वेळ जातो. नुसत्या यॉटच्या नोकरीसाठी मी कुणाला हे सुचवणार नाही.

आणखी एक. पोर्तुगीज पासपोर्ट असला तरी खासगी यॉटने अमेरिकेत शिरताना एस्टा (व्हिसाऐवजीची ऑनलाइन परवानगी) चालत नाही. बी-१ व्हिसाच लागतो.

बांदोडेकरीण

सगळ्यांचे आभार. पॅकेजला नाही कळवते. पगार आणि करारात काय बघायचं तेवढं सांगाल का? सीव्ही हॉटेलसारखाच चालेल ना?

वास्को_धक्का

हॉटेलसारखा नको. एक पान, फार तर दोन. वर पांढऱ्या पोलो शर्टातला, केस मागे बांधलेला, हसरा फोटो. त्याखाली राष्ट्रीयत्व, हातातले व्हिसा, प्रमाणपत्रं तारखांसकट, दिसणारा टॅटू आहे की नाही, धूम्रपान करता की नाही. 'हाउसकीपिंग अटेंडंट' एवढं लिहून सोडू नका. दिवसाला किती खोल्या, व्हीआयपी सूट, टर्नडाउन, हाताने इस्त्री, कोणतं कापड, असं लिहा. चीफ स्टू तेच शोधत असते. संदर्भ म्हणून फोन उचलतील अशाच दोघांची नावं, त्यांना आधी विचारून.

युरोपात ज्युनिअर स्टूला महिन्याला साधारण २,५०० ते ३,००० युरो मिळतात, राहणं-जेवण बोटीवर. भारतातून घेतलेल्या क्रूला याहून कमी देऊ पाहणारे आहेत, तेव्हा आकडा तिथला आहे की 'भारतीय दर' हे सरळ विचारा. चार्टरवर (बोट पाहुण्यांना भाड्याने दिलेली असताना) टिप मिळते, भूमध्य समुद्रात बहुधा चार्टरच्या भाड्याच्या ५ ते १५ टक्के, सगळ्या क्रूत वाटून. ती पाहुण्याच्या मर्जीवर असते, महिन्याच्या हिशेबात धरू नका.

करार म्हणजे एसईए, खलाशाचा नोकरीचा करार. एमएलसीप्रमाणे २४ तासांत किमान १० तास आणि ७ दिवसांत ७७ तास विश्रांती, महिन्याला किमान अडीच दिवस भरपगारी रजा, परतीचं तिकीट मालकाचं. मात्र जी यॉट फक्त मालकाच्या वापरासाठी आहे, चार्टर करत नाही, तिला एमएलसी लागू नसतो. तिथे हे सगळं करारात लिहून घ्यावं लागतं, वैद्यकीय विम्यासकट. बोटीचं नाव, ध्वज आणि आयएमओ किंवा एमएमएसआय हा बोटीचा ओळख नंबर करारात नसेल तर सही करू नका. नंबर मिळाला की जहाजं दाखवणाऱ्या साइटवर टाकून बघा: बोट खरंच आहे का, आणि आत्ता कुठे आहे.

इस्त्री_आणि_खारं_पाणी

पोहण्याचं राहिलं. सर्व्हायव्हलच्या कोर्सात लाइफजॅकेट घालून उंचावरून पाण्यात उडी, उलटलेला तराफा सरळ करणं आणि पाण्यातून त्यात चढणं असतं. लांब पोहून दाखवावं लागत नाही. अडतं ते उडीला आणि तराफा डोक्यावर येतो तेव्हा खाली घाबरायला होतं त्याला. कोर्सच्या महिनाभर आधी कांपालच्या पोहण्याच्या तलावावर जा, खोल बाजूला तरंगायला आणि डोकं पाण्याखाली ठेवून श्वास धरायला शिका. उडी मारताना एका हाताने नाक-तोंड झाकायचं, दुसऱ्याने जॅकेट छातीशी घट्ट धरायचं, नजर समोर. खाली बघितलं की माणूस पुढे झुकतो आणि तोंडावर आपटतो.