'लोकसुनावणी'ला 'जनजागृती सभा' म्हणता येईल का?

प्रश्न: तालुक्यातल्या एका कारखान्याचा विस्तार होणार आहे. पेपरातल्या नोटिशीत 'जाहीर लोकसुनावणी' छापलंय, कंपनीच्या फलकावर त्याच तारखेला 'पर्यावरण जनजागृती सभा'. काही जण 'जनसुनावणी' म्हणतात. तिन्हींचा अर्थ एकच का?

– लोकसुनावणी आणि जनसुनावणी एकच. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नोटिशीत बहुधा पहिला शब्द असतो, बातम्यांत दुसरा. फलकावरचा शब्द मात्र सरळसरळ चुकीचा, आणि मला तरी तो भाबडेपणा वाटत नाही. जनजागृतीत व्यासपीठावरचे बोलतात, गाव ऐकतं. सुनावणीत गावाने बोलायचं असतं. प्रकल्पांच्या पर्यावरणीय मंजुरीबद्दलच्या १४ सप्टेंबर २००६च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार किमान ३० दिवसांची मुदत देऊन नोटीस काढावी लागते, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष असतो आणि सगळ्याचं चित्रीकरण होतं. गणपूर्तीची अट नाही! 'सभाच आहे, कशाला जायचं' म्हणून लोक घरी बसले, तरी सुनावणी झालीच असं धरलं जातं.

– फलकाबद्दल सहमत, पण 'जनजागृती'ला एवढं झोडपू नका. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली चित्रपटगृहांत पर्यावरणाच्या स्लाइड फुकट दाखवायला लावल्या, शाळा-कॉलेजात हा विषय सक्तीचा करायला सांगितलं. लोकांना कायदाच माहीत नसेल तर ते पाळणार काय, असा त्यामागचा विचार. कंपनी रोपं आणि टोप्या वाटते त्याला 'जनसंपर्क' म्हणा. तो शब्द त्यासाठीच आहे.

– प्रश्नकर्ता: धन्यवाद. नोटिशीत 'हरकती व सूचना' असंही आहे. तक्रार आणि हरकत यांत फरक काय?

– तक्रार झालेल्या गोष्टीची: नाल्याला फेस आला, विहिरीच्या पाण्याला वास येतो. हरकत होऊ घातलेल्या गोष्टीला. विस्तार अजून व्हायचाय, म्हणून इथे हरकत. पण जुन्या तक्रारीही त्यात जरूर मांडा, कारण विस्तार त्याच कारखान्याचा आहे. विस्ताराचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, याच्या अहवालाचा सारांश मराठीत मिळायलाच हवा. जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत चौकशी करा. आणि सुनावणी संपली की लगेच उठू नका. मांडलेल्या सगळ्या मुद्द्यांचं टिपण तिथेच मराठीत वाचून दाखवावं लागतं, सहीही त्याच दिवशी होते. तुमचा मुद्दा गाळला असेल तर तेव्हाच उभं राहून सांगा. लेखी हरकत दिली असेल तर पोच घ्या.