मदत हवी आहे : दोन सामने बाकी असताना भारत बाद कसा?

मंडळी, काल (१४ ऑक्टोबर २०२५) भारत-सिंगापूर फुटबॉल सामना बघायला आम्ही चौघं कोल्हापूरहून गोव्यात फातोर्ड्याला गेलो होतो. आपल्या छांगटेनं १४व्या मिनिटाला गोल मारला तेव्हा घसा बसेपर्यंत ओरडलो. मग सिंगापूरच्या साँग उई-यंगनं दोन मारले आणि आम्ही गप्प. परतताना आंबोली घाटात जो वाद पेटला, तो अजून मिटलेला नाही.

बातम्यांत सगळीकडं '२०२७च्या आशियाई चषकातून भारत बाद'. पण हिशोब बघा. आपल्या पात्रता गटात प्रत्येकाचे चार सामने झालेत. गुण : हाँगकाँग ८, सिंगापूर ८, आपण २, बांगलादेश २. आपण उरलेले दोन्ही जिंकले तर ८ होतात. वरचे दोघं दोन्ही सामने हरले तर तेही ८वरच. मग आत्ताच बाद कसे? आमच्या कोल्हापुरातल्या शाहू स्टेडियमवरच्या नॉकआउटचं बरं असतं, हरला की घरी.

दुसरं, गटात दुसरे आलो तर प्लेऑफ (जादा संधीचा सामना) वगैरे काही नाही का?

निळा_वाघ :
हेड-टू-हेड. गुण सारखे झाले की इथं आधी आपसातले सामने बघतात. सिंगापूरशी तिकडं १-१, इकडं १-२. विषय संपला.

धागाकर्ता :
सिंगापूरचं पटलं. पण हाँगकाँगशी एकच झालाय, ०-१. मार्चमध्ये घरी २-० मारले तर आपसात आपणच वर की!

बाकावरचा_खेळाडू :
वाघसाहेब, नियम बरोबर, पण इथं तिथवर जायची वेळच येत नाही. कर्तेसाहेब, 'वरचे दोघं दोन्ही सामने हरले तर' या तुमच्या वाक्यातच घोळ आहे. त्यांच्या उरलेल्या सामन्यांतला एक एकमेकांशीच आहे, १८ नोव्हेंबरला. एकाच सामन्यात दोघं कसे हरतील? कुणीतरी जिंकला तर तो ११वर, बरोबरी झाली तर दोघं ९वर. आपली धाव ८पर्यंत. पहिला नंबर कालच गेला.

दुसऱ्या नंबराला इथं काही नाही. चषकाच्या २४ जागांपैकी १८ आधीच भरल्यात, विश्वचषक पात्रतेच्या दुसऱ्या फेरीतल्या नऊ गटांतून पहिले दोन-दोन. उरलेल्या सहा जागांसाठी चार-चार संघांचे सहा गट, प्रत्येकातून फक्त पहिला. आपणही त्या १८त असतो, पण २०२४ला गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२ हरलो आणि कोलकात्यात कुवेतशी ०-० केलं.

त्यात एक गंमत. तेव्हा आपले आणि अफगाणिस्तानचे गुण सारखेच, ५-५. आपसात ते भारी, तरी तिसरे आपण! कारण तिथं आधी सगळ्या सामन्यांचा गोलफरक (मारलेले वजा खाल्लेले गोल) धरला. आपला उणे ४, त्यांचा उणे ११. म्हणून पात्रतेचं गणित मांडायच्या आधी स्पर्धेचा नियम काढून बघायचा.

निळा_वाघ :
मान्य, एकमेकांशी सामना आहे हे डोक्यातच आलं नाही. पण राग येतो तो शिलाँगचा. गट पाडायच्या ड्रॉमध्ये आपण पहिल्या पॉटमध्ये, म्हणजे वरच्या मानांकनाच्या संघांत, आणि घरच्या मैदानावर बांगलादेशशी ०-०. ते हुकलेले दोन गुण असते तर निदान नोव्हेंबरपर्यंत धुगधुगी राहिली असती.

धागाकर्ता :
बाकावरचे, दंडवत. गाडीत मागं बसलेला गडी नेमकं हेच सांगत होता, मीच ऐकून घेतलं नाही. आता डिझेलचे पैसे माझ्याकडून. बरं, मार्चमधला हाँगकाँगचा सामना कुठल्या मैदानावर आहे? आंबोलीच्या अलीकडं असेल तर बघू.