पावसाळी कामांचा तक्ता: मथळे आत की बाहेर?

बी-४०३ (सचिव): नमस्कार मंडळी. सोसायटीच्या पावसाळ्याआधीच्या कामांचा तक्ता गिटहब या फाइली ठेवायच्या साइटवरच्या आपल्या फाइलीत चढवलाय. काम, कोणाकडे, तारीख, खर्च. रविवारच्या मीटिंगआधी सूचना द्या.

ए-१०१: साहेब, "पाणी" हा विभाग झकास दिसतोय. "लिफ्ट"पासून खाली नुसता काला आहे. उभ्या रेघा, नावं, रकमा, सगळं एका परिच्छेदात. माझा फोन बिघडलाय का?

सी-२०४: फोन ठीक आहे काका. तक्त्याच्या मधोमध ### लिफ्ट अशी ओळ आहे. मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या चिन्हांनी मजकूर मांडायच्या या पद्धतीत, ओळीच्या सुरुवातीला # आलं की तो मथळा, आणि मथळा आला की वरचा तक्ता तिथेच संपला. खालच्या ओळींना स्वतःचं शीर्ष नाही, शीर्षाखालची |---|---| ही रेघांची ओळ नाही, मग त्या साध्या मजकुरासारख्या वाहत जातात.

बी-४०३ (सचिव): मग | ### लिफ्ट | असं चौकटीतच घेऊ?

सी-२०४: तिन्ही ### तसेच छापले जातील. गिटहबच्या चौकटीत ठळक, तिरपं, लिंक असं ओळीत बसणारंच चालतं. मथळा नाही, यादीही नाही. जॉन ग्रूबरने २००४ मध्ये मार्कडाउन आणलं तेव्हा त्यात तक्ते नव्हतेच, हवे तर एचटीएमएल, म्हणजे वेबपानांची भाषा, लिहा असा कारभार. उभ्या रेघांचं प्रकरण नंतर इतरांनी जोडलं.

डी-५०२: एवढं काय त्यात! | \*\*लिफ्ट\*\* | | | | असं ठळक लिहा, मोकळे व्हा. आमच्या ऑफिसात सर्रास चालतं.

ए-१०१: बरोबर. बँकेत आमच्या पत्रकांतही पोटशीर्षकं अशीच मधे यायची.

बी-१०४: ज्यांना दिसतं त्यांना चालेल. मी लॅपटॉपवर एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून ऐकते. एच दाबलं की पुढचा मथळा, टी दाबलं की पुढचा तक्ता. ठळक केलेलं "लिफ्ट" मथळा नाहीच, त्यामुळे एच तिथे थांबत नाही. तक्त्यातून खाली येताना "काम" या स्तंभात "लिफ्ट" ऐकू येतं आणि उजवीकडे सरकलं की तिन्ही चौकटी रिकाम्या. ऐकणाऱ्याला वाटतं, लिफ्ट नावाचं काम आहे, पण ते कुणाकडे दिलेलंच नाही.

डी-५०२: ताई, मग एचटीएमएलमध्ये लिहू. चौकटीत एच३, म्हणजे मथळ्याचा टॅग, टाकता येतो.

सी-२०४: टीडीत (साध्या चौकटीत) येतो, टीएचमध्ये (शीर्षाच्या चौकटीत) नियमाने नाही. नीट करायचं तर प्रत्येक गटाला वेगळा टीबॉडी (ओळींचा गट) आणि गटाच्या नावाला स्कोप रोग्रुप (हे नाव अख्ख्या गटाचं, अशी खूण). मी लिहून देईन, पण पुढच्या वर्षी कमिटी बदलली की ते टॅग निस्तरणार कोण?

ए-३०३: ॲस्कीडॉकमध्ये न्या ना, मार्कडाउनसारखीच दुसरी पद्धत. चौकटीच्या रेघेआधी ए लावलं की आत यादी, परिच्छेद सगळं बसतं. मथळ्याला डिस्क्रीट, म्हणजे "सुटा" अशी खूण, लावायचं.

सी-२०४: पण तो डिस्क्रीट मथळा अनुक्रमणिकेत येत नाही. रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या तशाच आणखी एका पद्धतीतल्या रुब्रिकचंही (सुट्या मथळ्याचं) तेच. दिसायला मथळा, दस्तऐवजाच्या रचनेत त्याला जागा नाही. विकिपीडियावर == == ही मथळ्याची खूण वेगळ्या ओळीवर लिहिली तर चौकटीतला मथळा खरोखर अनुक्रमणिकेत जातो. पण त्या मथळ्याशेजारच्या "संपादन"वर टिचकी मारा, तक्त्याचा मधलाच तुकडा हाती येतो. तक्ता सुरू करणारं {| हे चिन्ह वरच राहिलेलं असतं, झलक बघाल तर सगळं विस्कटलेलं.

बी-४०३ (सचिव): मला फक्त कामं वेळेत व्हायला हवीत हो. थोडक्यात सांगा.

सी-२०४: तक्ता तोडा. ### पाणी, खाली छोटा तक्ता. ### लिफ्ट, खाली छोटा तक्ता. प्रत्येकाला शीर्षाची ओळ पुन्हा लिहायची, स्तंभांचा क्रम तोच ठेवायचा. मथळ्याची लिंकही आपोआप मिळते, लिफ्टवाल्याला थेट तेवढंच पाठवता येईल.

बी-१०४: हे उत्तम.

ए-१०१: आणि एकूण बेरीज? चार तुकड्यांत खर्च शोधत बसायचं का सभासदांनी?

सी-२०४: खर्चाचा तक्ता अखंडच ठेवू काका, तिथे तुमचं खरं आहे. फक्त मधले मथळे नकोत. पहिला स्तंभ "विभाग" आणि प्रत्येक ओळीत पाणी, पाणी, लिफ्ट, गच्ची असं पूर्ण लिहायचं. एक्सेलमध्ये नेलं तरी गाळून बघता येतं. बेरीज मात्र मार्कडाउन करत नाही, ती तुम्हीच तपासा.

डी-५०२: तोच शब्द दहा ओळींत? बघायला कसं वाटेल!

सी-२०४: वाईट दिसेल. चालेल.

सी-१०२: इथे ग्रुपवरच टाका की तक्ता, कोण त्या लिंका उघडतंय.

ए-३०३: व्हॉट्सॲपवर तक्ता नाही होत. २०२४ मध्ये याद्या, अवतरणं वगैरे आली, तक्ता नाही.

बी-४०३ (सचिव): ठरलं तर. कामांचे चार तुकडे, खर्च एकत्र. आता सांगा, गच्चीवरची टाकी धुणं "पाणी"खाली घेऊ की "गच्ची"खाली?

ए-१०१: पाणी.

डी-५०२: गच्ची! किल्ली गच्चीवाल्याकडे असते.

बी-४०३ (सचिव): 🙏 रविवारी बोलू.