पावसाळाभर उभी गाडी आणि ई20 पेट्रोल: पंप खरंच गेला का?

गुहागरकर_डोंबिवली
गाडी 2011 ची, छोटी पेट्रोल. मोतीबिंदूनंतर बाबा चालवत नाहीत, त्यामुळे मे महिन्यात आंबे काढून आम्ही निघालो तेव्हापासून पत्र्याखाली उभी. गणपतीच्या आदल्या दिवशी चावी फिरवली तर नुसती घरघर. चौथ्या खेपेला लागली, पण शृंगारतळीला बाजाराला जाताना गचके देत बंद. बायकोच्या मांडीवर मखराचं सामान, वर पाऊस. अॅव्हरेजही 16 वरून साडेचौदावर आलंय. बाबा म्हणतात पेट्रोलात पाणी. गॅरेजवाला म्हणतो ई20 मधल्या (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलातल्या) इथेनॉलने टाकीतला पेट्रोलचा पंप खाल्ला, नवा साडेसात हजार. काय करू?

खेडचा_मिस्त्री
पंप बदलायची घाई नको. आधी टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा, उघड्यावर, विडी लांब ठेवून. तासभर हलवू नका. दोन थर दिसले तर खालचा थर पाणी आणि इथेनॉलचा. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि आपल्याकडच्या जुलैत ओलीला काय तोटा? झेपेल तेवढं पाणी धरतं, मग दोघं मिळून तळाला बसतात. पंप तिथूनच ओढतो.

एकच थर दिसला तर मागची सीट उचलून पंपाची जाळी बघा. जुन्या टाकीतला मळ इथेनॉल सोडवतं. आणि रबरी नळ्या चाचपा. 2023 च्या एप्रिलपासूनच्या गाड्या ई20 ला धरून बनवल्यात, तुमची नाही.

अॅव्हरेजचं म्हणाल तर इथेनॉलमध्ये ताकद पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा कमी. 20 टक्के मिसळलं की 6-7 टक्के घट धरा, म्हणजे 16 चे 15. उरलेला अर्धा टायरच्या हवेत शोधा.

मालवणी_तांडेल
माझी पर्यटकांची होडी, पेट्रोलचं आउटबोर्ड, म्हणजे मागे लावलेलं इंजिन. पावसाळ्यात होडी वर ओढण्याआधी पेट्रोलची नळी काढतो आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो. कार्बोरेटर कोरडा. एक वर्ष आळस केला, तर जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकात, हिरवट चिकटा.

खेडचा_मिस्त्री
तांडेल, होडीला बरोबर. पण कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या गाडीत हे करू नका हां, तो पंप पेट्रोलातच बुडून थंड राहतो, कोरडा चालला तर जळेल. गाडीची टाकी उलट काठोकाठ भरून ठेवायची. वर हवा कमी, तर ओलही कमी.

गुहागरकर_डोंबिवली
केलं. बाटलीत एकच थर, स्वच्छ. बाबा जरा हिरमुसले. मग त्यांच्यासाठी गंमत म्हणून कफ सिरपच्या मापाने दहा मापं पेट्रोलात दोन मापं पाणी घालून हलवलं. खाली दोन नाही, जवळपास चार मापांचा थर बसला. पाण्याने इथेनॉल खाली खेचून घेतलं! "म्हणजे पाणीच की," म्हणाले.

पंपाची जाळी मात्र काळपट, आमसुलाच्या कोळासारखा थर. इंजिनजवळची नळी फुगलेली, दाबली तर शिळ्या घावनासारखी मऊ, आणि क्लिपपाशी पेट्रोल पाझरत होतं. ते बघून पोटात गोळा आला, गरम इंजिनावर थेंब पडले असते तर? जाळी आणि नळी बदलली, पंप तोच. काल चिपळूणला जाऊन आलो, एक गचका नाही. टायरमध्ये हवा 22 होती, 30 हवी होती.

खेडचा_मिस्त्री
जुनी नळी टाकू नका. गॅरेजवाल्याला दाखवा.